गड बंद आहे

दरड पडलीय, म्हणाला स्वारगेटचा कंडक्टर,
गड बंद आहे. उद्याचंही काही सांगता येत नाही.
आणि पुढच्या माणसाकडे वळला.

राजमणीच्या नि माझ्या पायांत
खास गडासाठी घेतलेले बूट,
पिशवीत शेंगाचटणी, चार कडक भाकऱ्या,
आणि एकाच शाळेत पस्तीस वर्षं शिकवून
हाताशी उरलेले दोन दिवस.

"मग पाऊसच बघू," ती म्हणाली.

आमच्या सोलापुरात पाऊस पाहुणा;
चहा होईस्तो टेकतो, निघतो.
इथे तो घरजावई.
तीन आठवडे हललेला नाही म्हणे,
आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही.

मंडईच्या छपराखाली
शेपूचा वास भिजून दुप्पट झालेला.
दारातली एक बाई डोक्यावर अळूचं पान धरून
अळूच्या जुड्या विकत होती.
"डोक्यावरचं केवढ्याला?" राजमणीने विचारलं.
"ते माझं छप्पर आहे. खालचं घ्या."

तांबट आळीत
पत्र्यावर पाऊस, पत्र्याखाली हातोड्या,
कोण कुणाचा ठेका धरतंय कळेना.
एका तांबटाने हात थांबवला, जरा ऐकलं,
पावसाचं काहीतरी चुकल्यासारखी मान हलवली
आणि पुन्हा घागरीच्या पोटाला लागला.

नव्या पुलावर माणसं कठड्याला रेलून
मुठा बघत होती, वरात बघावी तशी.
"भिडे पूल गेला पाण्याखाली," एकाने सांगितलं,
घरचं पोर बोर्डात आल्यासारखं.
तेवढ्यात खालच्या वस्तीतून एक मुलगा
डोक्यावर टीव्ही घेऊन वर आला.
सगळ्यांनी वाट दिली.
थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.
नदी बोलत होती.

पाताळेश्वराच्या कातळात मात्र
दुपार कोरडी होती.
किती शतकं किती जण
फक्त भिजू नये म्हणून इथे शिरले असतील
आणि शिरलोच आहोत तर म्हणून हात जोडून निघाले असतील!
बाहेर नंदीच्या गोल मंडपाला
चहूबाजूंनी पाण्याचे पडदे.
राजमणीने पायरीवर बसून मोजे पिळले.
भाकरी काढली, वाकवली,
आणि ती मोडलीच नाही.
अर्ध्या दिवसात पुण्याच्या हवेने
सोलापूरच्या भाकरीचा कणा मऊ केला होता.
आम्ही हसलो, इतक्या, की नंदीमागचा पहारेकरी
बघायला आला. त्यालाही एक चतकोर दिली.

संध्याकाळी पर्वती.
पायऱ्यांवरून पाणी उतरत होतं, आम्ही चढत होतो,
एकमेकांना वाट देत.
वर काही नाही. शहर नाही, डोंगर नाही,
फक्त पांढरं, आणि त्यात उभे
एक पेंढारकर नावाचे गृहस्थ,
रोज येणारे, त्यामुळे आजही आलेले.
त्यांनी छत्रीच्या टोकाने दाखवायला घेतलं:
"हा सिंहगड. मागे तो तोरणा.
इकडे डावीकडे, जरा लांब, पुरंदर."
पांढरं. पांढरं. पांढरं.
"थोडं बाजूला व्हा," राजमणी त्यांना म्हणाली,
"तुमचा खांदा आड येतोय."
ते खरंच बाजूला झाले.

मी भूगोलाची बाई.
फळ्यावर खडूने सह्याद्री काढायचे,
तास संपला की पुसायचे;
पुसलेला फळा असाच दिसायचा, धुरकट,
आणि कुठे काय होतं ते
पहिल्या बाकावरच्या पोराला अचूक ठाऊक असायचं.
माझा कधी त्यावर विश्वास बसला नव्हता.

"दिसला," राजमणी म्हणाली.

रात्री लॉजवर बुटांत वर्तमानपत्रं कोंबली.
तिने वही काढली, तेलुगूत पुटपुटत बेरीज केली:
रिक्षा, चहा, अळू (कशाला घेतलं कोण जाणे),
आणि शेवटी, गड, शून्य रुपये.
मग दिवा घालवता घालवता विचारलं,
"उद्या उघडीप झाली तर गं?"
तिच्या आवाजात काळजी होती.